जुन्या देणगीदारांचं कौतुक: आधी यादी, मग ऐकणं, मागणी सगळ्यांत शेवटी

स्थानिक संस्था जुन्या देणगीदारांचं कौतुक करायचं ठरवतात तेव्हा पहिली बैठक बहुतेक वेळा कार्यक्रमाची होते. सभागृह कुठलं, पाहुणे कोण, सन्मानचिन्ह कसलं. यादी मात्र कार्यक्रमाच्या चार दिवस आधी खजिनदारांकडे मागितली जाते आणि मोठ्या रकमा पाहून वीस नावं निघतात. पंधरा वर्षं न चुकता छोटी रक्कम देणाऱ्या बाई त्या वीसांत नसतात. एकदाच मोठा धनादेश देऊन गेलेले गृहस्थ असतात. त्या बाईंना निमंत्रणसुद्धा जात नाही, आणि पुढच्या वर्षी त्यांची पावती फाटली नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

कष्ट कमी पडतात असं नाही. क्रम चुकतो. समारंभ ही सातवी पायरी आहे. ती पहिली घेतली की खालच्या सगळ्या कच्च्या राहतात.

एक हिशेब आधी मांडून बघा. आज १०० देणगीदार आहेत आणि दरवर्षी त्या त्या वेळच्या देणगीदारांपैकी ८० टक्के टिकतात असं धरलं, तर पाच वर्षांनी मूळच्या शंभरातले ३३ उरतात. ९० टक्के टिकले तर ५९. ६० टक्केच टिकले तर जेमतेम ८. दरवर्षी हातातून सुटणारी दहा-वीस माणसं त्या वर्षी फारशी जाणवत नाहीत, म्हणून तर हा प्रश्न कार्यकारिणीच्या विषयपत्रिकेवर येत नाही.

## तयारी: बसण्यापूर्वी हाताशी काय हवं

दोन माणसं ठरवा. एक नोंदी लावणार, दुसरा त्या तपासणार. एकट्याकडे हे काम देऊ नका. चुका त्याच्या त्यालाच दिसत नाहीत.

मागच्या किमान दहा वर्षांच्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, बँकेचे उतारे, जुने वार्षिक अहवाल आणि देणगीदारांची आलेली पत्रं एका जागी आणा. पत्रं आणायला विसरू नका. कोण का देतो हे पावतीवर कधीच लिहिलेलं नसतं, पत्रात मात्र असतं.

कार्यकारिणीकडून एक छोटा निर्णय लिहून घ्या: देणगीदारांची कुठली माहिती आपण ठेवणार, ती कोण पाहू शकणार, आणि नाव वगळा असं कुणी सांगितलं तर ते किती दिवसांत वगळणार.

## टप्पा १: यादी शुद्ध करा

सगळ्यांत कंटाळवाणा टप्पा हा, आणि सगळ्यांत जास्त चुकाही इथेच होतात. एका संस्थेच्या नोंदी लावायला मी बसले होते तेव्हा एकाच गृहस्थांच्या चौदा वर्षांच्या देणग्या तीन नावांखाली सापडल्या. काही पूर्ण नावाने, काही आद्याक्षरांनी, काही पत्नीसोबतच्या संयुक्त खात्यातून आलेल्या. संस्थेच्या लेखी ते तीन किरकोळ देणगीदार होते. दरवर्षी त्यांच्या घरी एकाच आवाहनाच्या तीन प्रती जात होत्या आणि चौदा वर्षांची दखल घेणारी एक ओळही कधी गेली नव्हती. ते वाचताना मला फार वाईट वाटलं होतं. ते गृहस्थ कधी तक्रार करायला आले नाहीत, हे तर त्याहून वाईट.

काम या क्रमाने करा:

1. प्रत्येक पावतीची एक ओळ करा. नाव, तारीख, रक्कम, कशासाठी दिली, कशी दिली. या वेळी नावं दुरुस्त करू नका. पावतीवर आहे तसंच उतरवा.
2. मग फोन नंबर, पत्ता आणि बँक खात्यावरून एकाच माणसाच्या ओळी जुळवा. फक्त नावावरून जुळवणी कधीही करू नका. एकाच नावाची दोन माणसं असतात आणि बाप-लेकांची आद्याक्षरं सारखी असू शकतात.
3. जुळवणीबद्दल शंका असेल तिथे खूण करा आणि ओळी वेगळ्याच ठेवा. चुकून एकत्र केलेली दोन माणसं नंतर वेगळी करणं फार जिकिरीचं असतं.
4. आता प्रत्येक व्यक्तीचं एक पान करा. पहिली देणगी कधी, शेवटची कधी, एकूण किती वर्षं दिली, मध्ये खंड कुठे पडला, संस्थेकडे कुणाच्या ओळखीने आले, नाव जाहीर केलेलं चालतं का, संपर्क कसा आवडतो, आणि संस्थेतून शेवटचं कोण, कधी, कशाबद्दल बोललं.
5. पैसे न देता वर्षानुवर्षं वस्तू, जागा किंवा कौशल्य देणाऱ्यांसाठीही असंच पान करा. हिशेब तपासून देणारा, गाडी देणारा, छपाई फुकट करून देणारा. पावती फाटत नाही म्हणून ही माणसं प्रत्येक यादीतून गळतात.

सावधान: पानावर देणगीदाराचे आजार, घरातले वाद, मिळकतीचे अंदाज लिहू नका. देणगीदाराने स्वतःचं पान वाचायला मागितलं तर संकोच न वाटता देता यावं, एवढंच त्यावर असावं.

तपासणी: दुसऱ्या माणसाने मनाला येतील त्या २० स्थळप्रती काढाव्यात आणि त्या नोंदीत सापडतात का ते पाहावं. एक जरी सापडली नाही, तर ते पूर्ण पावतीपुस्तक पुन्हा तपासा.

## टप्पा २: रक्कम बाजूला ठेवा, वर्षं मोजा

यादी रकमेप्रमाणे लावायचा मोह होतो. या टप्प्यात रकमेचा रकाना सरळ झाकून ठेवा. किती वेगवेगळ्या वर्षांत देणगी आली, एवढ्या एकाच आकड्यावर यादी लावा.

मग गट पाडा. सलग पाच किंवा जास्त वर्षं देणारे. मध्ये खंड पडूनही परत येणारे, म्हणजे दहा वर्षांत सहा-सात वेळा दिलेले. पूर्वी अनेक वर्षं देत होते पण गेल्या दीड वर्षात ज्यांच्याकडून काहीच आलेलं नाही असे. दिवंगत देणगीदारांची कुटुंबं.

दुसऱ्या गटाला संस्था अनियमित म्हणून मागे टाकतात. मला हे पटत नाही. अडचण आली तेव्हा थांबला आणि हात मोकळा झाल्यावर कुणी न सांगता परत आला, त्या माणसाने संस्था दोनदा निवडली. सलग देणाऱ्याइतकंच त्याचं नातं खरं आहे.

तिसरा गट वेगळा काढा आणि सध्या त्यांना काहीही पाठवू नका. त्यांच्याबद्दल टप्पा ८ मध्ये.

## टप्पा ३: भेटा आणि ऐका, पैशांचा विषय न काढता

पहिल्या दोन गटांतल्या प्रत्येकाशी एकदा बोलायचं आहे, शक्य तर भेटून, नाहीतर फोनवर. यादी लांब असेल तर आठवड्याला पाच जण घ्या. घाई करून महिनाभरात उरकलेली संभाषणं समोरच्याला ओळखू येतात.

पंधरा मिनिटं पुरतात. चार गोष्टी विचारा:

- आमच्याकडे पहिल्यांदा कसे आलात?
- आमच्या कामातलं कुठलं काम तुम्हाला जवळचं वाटतं?
- आमच्याकडून काय कळावं, आणि कसं, असं वाटतं? पत्र, फोन, संदेश, की वर्षातून एकदाच काहीतरी?
- आमचं काही खटकलं आहे का?

चौथा प्रश्न बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यांत उपयोगी उत्तरं त्यालाच मिळतात. पावती उशिरा आली, नाव चुकीचं छापलं, कार्यक्रमात उभं राहावं लागलं, गेल्या वर्षीच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही. अशी छोटी खंत माणूस वर्षानुवर्षं मनात ठेवतो आणि एक दिवस निमूट देणं थांबवतो. ऐकताना खुलासे करू नका. "हे आमचं चुकलं, मी बघते आणि तुम्हाला कळवते" एवढं म्हणा, आणि आठ दिवसांच्या आत खरंच कळवा.

संभाषण त्याच संध्याकाळी पानावर उतरवा. दुसऱ्या दिवशी शब्द बदलतात.

सावधान: या भेटीत पावतीपुस्तक बरोबर नेऊ नका. समोरच्याने आपणहून देणगी देऊ केली तर घ्या, रीतसर पावती नंतर पाठवा, आणि विषय वाढवू नका. "आभार मानायला आले आणि पैसे घेऊन गेले" असं एकदा वाटलं की पुढचा फोन उचलला जात नाही.

## टप्पा ४: आभार, आणि फक्त आभार

पावती आणि आभारपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावती हा हिशेबाचा कागद: देणगी आल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत गेली पाहिजे, नाव-रक्कम-तारीख बिनचूक, करसवलतीसाठी लागणारा तपशील असेल तर तोही. आभारपत्र आठवडाभरात, स्वतंत्र.

आता पत्राचा मजकूर. नेहमी जातं ते असं असतं:

"आपल्यासारख्या दानशूर व्यक्तींच्या भक्कम पाठबळामुळेच संस्थेची घोडदौड सुरू आहे. आपले सहकार्य असेच वृद्धिंगत होवो."

हे पत्र कुणालाही पाठवता येतं, म्हणून ते कुणालाच पोचत नाही. शिवाय दुसरं वाक्य आभाराचं नाहीच, ती पुढच्या वर्षीची मागणी आहे. त्याऐवजी असं लिहून पाहा:

"आपण २०१२ पासून आमच्या कामाला देणगी देत आहात. यंदाची आपली रक्कम आम्ही अभ्यासिकेच्या खर्चासाठी वापरली. अभ्यासिका पूर्वी रात्री आठला बंद व्हायची. आता दहापर्यंत उघडी असते. दिवसा कामावर जाणाऱ्या मुलांना त्यामुळे रोज दोन तास जास्त मिळतात. मागच्या भेटीत आपण दिव्यांबद्दल सुचवलं होतं, ते बदलले आहेत. मनापासून आभार."

इथे पाच गोष्टी आहेत: किती वर्षं, पैसे कुठे गेले, काय बदललं, त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं याची खूण, आणि आभार. यापलीकडे काही नको. मसुदा एकच वापरला तरी चालेल, पण वर्ष आणि शेवटची खूण प्रत्येकासाठी त्याच्या पानावरून भरा. ज्यांची पाच वर्षं होऊन गेली आहेत त्यांच्या पत्रात सही करणाऱ्याने हाताने दोन ओळी लिहाव्यात. छापलेली सही चालवून घेऊ नका.

सावधान: पत्राच्या तळाशी बँक खात्याचा तपशील, पैसे पाठवायचा कोड किंवा "देणगीसाठी संपर्क" ठेवू नका. संस्थेच्या छापील पत्रकागदावर तो आधीच असेल तर आभारासाठी वेगळा कागद छापून घ्या. दरवर्षी देणाऱ्याला तो तपशील माहीत असतो.

आभाराचा फोन केला की पुढच्या वर्षी रक्कम वाढेल, असा हिशेबही मनात ठेवू नका. अन्या सॅमेक आणि चक लाँगफील्ड यांचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच प्रश्नावर आहे. अमेरिकेतल्या लाखो देणगीदारांपैकी काहींना आभाराचे फोन गेले, काहींना नाही. पुढच्या देणग्यांत फरक पडला नाही. मी यातून फोन करू नयेत असा अर्थ काढत नाही. फोन जरूर करा, पण तो परतफेडीच्या अपेक्षेने केला तर निराशा तुमची होते आणि अवघडलेपण त्यांचं.

तपासणी: पाठवण्याआधी पत्रातलं नाव झाकून ते संस्थेतल्या दुसऱ्या कुणाला वाचायला द्या. हे कुणासाठी आहे याचा थोडाही अंदाज येत नसेल, तर पत्र पुन्हा लिहा.

## टप्पा ५: काम दाखवा, फसलेलंही

आभार आणि पुढची मागणी यांच्या मध्ये देणगीदाराला निदान एकदा कामाची बातमी गेली पाहिजे, तीही वर्षाच्या मध्यावर. एक पान पुरे. काय ठरवलं होतं, काय झालं, काय झालं नाही, किती खर्च झाला.

"काय झालं नाही" ही ओळ लिहायला कार्यकारिणी कचरते. जुन्या देणगीदाराने संस्था इतकी वर्षं पाहिलेली असते. सगळं उत्तमच चाललंय असं सांगितलेलं त्याला खरं वाटत नाही. शिवणवर्ग शिक्षिका न मिळाल्यामुळे चार महिने बंद राहिला, हे तुमच्याकडून कळू दे. बाहेरून कळलं तर तो पुढे प्रत्येक अहवाल संशयाने वाचेल.

विशिष्ट कामासाठी दिलेले पैसे दुसरीकडे वळवायची वेळ आली तर आधी विचारा, नंतर सांगू नका. उत्तर नाही आलं म्हणजे संमती मिळाली, असं धरू नका. अमेरिकेतल्या निधीसंकलन क्षेत्रातल्या संघटनांनी १९९३ साली दात्यांच्या हक्कांची दहा कलमी सनद तयार केली. ज्या कारणासाठी पैसे दिले त्याच कारणासाठी ते वापरले जावेत, माहिती गोपनीय राहावी आणि प्रश्नांना वेळेवर खरी उत्तरं मिळावीत, हे तिन्ही त्यात आहे. या तीन बाबींवर आपली संस्था कुठे उभी आहे, ते कार्यकारिणीने वर्षातून एकदा एकमेकांना मोठ्याने विचारावं.

सावधान: लाभार्थींची छायाचित्रं आणि कहाण्या त्यांच्या लेखी संमतीशिवाय पाठवू नका, मुलांच्या बाबतीत पालकांची संमती हवीच. आणि संमती असली तरी स्वतःला एक विचारा: या व्यक्तीने हे पत्र शेजाऱ्याच्या हातात पाहिलं तर तिला कसं वाटेल?

## टप्पा ६: सहभाग द्या, पद नको

"तुम्हीही या ना कधी" हे निमंत्रण नव्हे. सहभागाला सुरुवात आणि शेवट असावा, आणि त्या माणसाला जमणारं, आवडणारं काम असावं. टप्पा ३ मधली उत्तरं इथे वापरायची. निवृत्त शिक्षिकेला दोन शनिवार वाचनवर्गात बसवा. लेखनात गती असणाऱ्याकडून अहवालाचा मसुदा तपासून घ्या. नवा उपक्रम सुरू करण्याआधी चार जुन्या देणगीदारांना तो समजावून सांगा आणि त्यात काय खटकतं ते विचारा. जे सुचवलं त्यातलं काय घेतलं, काय नाही आणि का, हे त्यांना कळवा. सल्ला मागून गप्प बसणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.

पुष्कळांना मात्र काहीच करायचं नसतं. त्यांना देणगी द्यायची असते आणि शांत राहायचं असतं. हे उत्तर पूर्ण उत्तर म्हणून पानावर लिहा आणि दरवर्षी तेच विचारून भंडावू नका.

फार वर्षं दिलं म्हणून कार्यकारिणीत जागा देणं टाळा. तिथे लागणारी कौशल्यं वेगळी आहेत, आणि देणगीच्या बळावर नेमणुका-खरेदीत शब्द टाकला जाऊ लागला की संस्थेचं काम बिघडतं.

कामाच्या जागी बोलावत असाल तर जिने किती, बसायला खुर्ची कुठे, स्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर, परत जायला वाहन मिळेल का, हे आधीच कळवा. इतकी वर्षं साथ देणाऱ्यांत ज्येष्ठ मंडळी पुष्कळ असतात आणि न येण्याचं खरं कारण ते सांगत नाहीत.

## टप्पा ७: जाहीर सन्मान

आता समारंभ. तो केलाच पाहिजे असं नाही.

नाव जाहीर करण्याची संमती लेखी घ्या, दरवर्षी नव्याने. यादी वर्षांच्या गटांप्रमाणे लावा आणि गटात नावं अकारविल्हे. रकमा छापू नका. गुप्तदान करणाऱ्यांचा "एक हितचिंतक" असा उल्लेखही त्यांना विचारूनच करा, कारण लहान वस्तीत तेवढ्यावरून माणूस ओळखता येतो.

भेटवस्तूंबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नकोत. देणगीतून चांदीचा मुलामा दिलेली वस्तू विकत घेतली, तर घेणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न खर्चाचा येतो. जॉर्ज न्यूमन आणि जेरेमी शेन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, देणगीच्या बदल्यात भेटवस्तू देऊ केल्यावर लोकांनी उलट कमी रक्कम दिली. मुलांनी रंगवलेलं पत्र किंवा संस्थेच्या जुन्या छायाचित्राची प्रत, ज्यात ते स्वतः आहेत, एवढं बस्स.

तपासणी: नावांची छापील यादी दोघांनी मिळून मोठ्याने वाचा, एक जण पानावरून, दुसरा मुद्रितावरून. सन्मानाच्या दिवशी चुकलेलं नाव माणसाच्या कायम लक्षात राहतं.

## टप्पा ८: मागणी, आणि थांबलेले देणगीदार

आभारपत्र गेलं, कामाची बातमी गेली, तक्रारीला उत्तर गेलं. या तिन्हींवर पानावर खूण असेल तरच मागणीचं पत्र काढा. रक्कम सुचवायची तर त्यांच्या नेहमीच्या रकमेपासून सुरुवात करा आणि जास्तीचे पैसे नेमके कशाला हवेत ते सांगा. "यंदा जमणार नाही" म्हणण्याची वाट मोकळी ठेवा आणि तसं कुणी म्हटलं तर त्याच आठवड्यात आभाराची दोन वाक्यं पाठवा.

नेहमी छोटी रक्कम देणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीने अचानक फार मोठी रक्कम देऊ केली, किंवा बोलताना गोंधळ जाणवला, तर लगेच स्वीकारू नका. काही दिवस जाऊ द्या, घरच्यांशी किंवा त्यांच्या सल्लागाराशी बोलायला सुचवा. मृत्युपत्रात संस्थेचं नाव घालायचा विषय त्यांनी काढला तर स्वतंत्र वकिलाकडे जायला सांगा. मसुद्याला संस्थेच्या कुणीही हात लावू नये.

थांबलेल्या गटाला "आपली देणगी प्रलंबित आहे" असं कधीही लिहू नका. देणगी हे देणं नव्हे. त्यांना ओळखणाऱ्या माणसाने फोन करावा, ख्यालीखुशाली विचारावी, इतक्या वर्षांबद्दल आभार मानावेत आणि आमच्याकडून काही राहून गेलं का एवढं विचारावं. संस्थेची चूक निघाली तर ती आधी सुधारा. अडचण त्यांची असेल तर पत्रं सुरू ठेवू का, ते विचारा. पैसे थांबले तरी बातमी हवी असते बऱ्याच जणांना.

## टप्पा ९: नातं संस्थेकडे ठेवा

प्रत्येक जुन्या देणगीदाराला संस्थेतली दोन माणसं ओळखीची हवीत. सचिव बदलले आणि त्यांच्याबरोबर तीस देणगीदारांच्या ओळखी गेल्या, असं होऊ देऊ नका. पदभार देताना जुन्याने नव्याला घेऊन निदान दहा जणांकडे स्वतः जावं आणि उरलेल्यांना फोनवर ओळख करून द्यावी.

वर्षाअखेरीस पानं पुन्हा चाळा. मागच्या वर्षी दिलेल्यांपैकी यंदा किती जणांनी दिलं, किती जणांशी पैशांशिवाय एकदा तरी बोलणं झालं, किती तक्रारींना उत्तर गेलं. हे तीन आकडे ताळेबंदाबरोबर कार्यकारिणीपुढे ठेवा.

देणगीदाराच्या निधनाची बातमी आली की त्याच दिवशी यादीत नोंद करा, म्हणजे त्यांच्या नावाने पुढचं आवाहन जाणार नाही. महिनाभरात कुटुंबाला पत्र पाठवा. त्यांनी कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत दिलं आणि त्यातून काय उभं राहिलं, ते लिहा. रकमेचा उल्लेख नको, कारण गुप्तपणे देणाऱ्यांच्या घरी कधी कधी ते कुणालाच माहीत नसतं. त्यांनी गुप्तता मागितली असेल तर हे पत्रही पाठवू नका; फक्त दुखवट्याच्या दोन ओळी लिहा आणि पान बंद करा.